टर्बोची नळी

कीर्तनाला टेंभुर्णीला निघालो होतो. एसटीच्या रांगेत पुढं एक मिस्त्री आणि त्यांची बायको.

“अक्कम्मा, बोअर मारायच्या गाडीच्या इंजिनावरल्या टर्बोतलं तेल खाली यायची नळी मी कशी वळणदार बसवली हुती!”

“वळणात तेल तुंबलं आन् धूर निघाला की.”

“म्हणून मालकानं गाडी लगेच त्या गैबीसाब मिस्त्रीकडं न्यायची व्हय?”

“त्यानं काय केलं?”

“वळण कापून नळी सरळ खाली सोडली. त्याला काय अक्कल लागती?”

“तुमी बघितली व्हय?”

“काल गाडीखाली तासभर आडवा झालो. चूक हुडकत हुतो.”

“घावली?”

“कुटं घावती! थेंबभर तेल गळत न्हाय.”

“मालकानं टेंभुर्णीतली दुसरी गाडी तर नळी बसवायला तुमालाच दिलीया न्हवं?”

“तीच पंचाईत. माझ्यासारखी बसवली तर धूर निघतो, आन् सरळ सोडली तर लोक म्हणतील, गैबीसाबाची नळी!”