कोब्यातली भोकं

आई : उकर ते.

धाकटा : काय?

आई : सिमेंट ओलं आहे तोवर उकरून काढ म्हणतेय. सगळं.

धाकटा : आई, सकाळपासून गुडघ्यावर बसलोय मी. एकेक भोक तारेच्या ब्रशनं घासलं, हवा मारून धूळ उडवली, पाणी शिंपडलं, मग माल ठासून भरला. आणि तू चहा घेऊन यायचं सोडून म्हणतेस, उकर?

आई : माल बिघडलाय तुझा. वाळू जास्त झालीय.

धाकटा : वाकून बघ तरी आधी.

आई : मला इथून दिसतंय.

धाकटा : या भोकांवरून वर्षानुवर्षं घर कुणी डोक्यावर घेतलं होतं? बाबांनी वर्कशॉपातल्या जुन्या मशिनी हलवल्या, बोल्ट उपटले आणि दारापासून लेथपर्यंत कोब्याची चाळण करून ठेवली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण सांगायचं?

आई : मीच सांगायचे. आता नाही सांगत.

धाकटा : परवा ट्रॉलीचं चाक अडकलं आणि वरचा एवढा जड लोखंडी जॉब कलंडला. कुणाच्या पायावर पडला असता तर?

आई : ते नंतर बघू. न्हाव्याकडून हे येतील एवढ्यात. दाढीला काय दिवस लागतो? उकर म्हणते ना!

धाकटा : बाबांसाठीच तर केलं. आल्यावर खूश होतील म्हटलं.

आई : खूश! अरे, पडतील ते.

धाकटा : सपाट जमिनीवर?

आई : सपाट आहे म्हणूनच.

धाकटा : हे बघ, नीट सांगणार असशील तर सांग. मला कामं आहेत.

आई : दिसत नाही त्यांना.

धाकटा : चष्म्याचा नंबर वाढलाय, माहीत आहे.

आई : नंबर कसला घेऊन बसलास! काचबिंदू आहे. गेलं ते परत यायचं नाही, म्हणाला डॉक्टर. उजेड कळतो, माणूस उभा असला तर सावलीसारखा कळतो. बाकी सगळं धुकं.

धाकटा : ...तरी म्हटलं, हल्ली प्रत्येक ड्रॉइंग मला का वाचायला लावतात. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत.

आई : तुला तसं वाटावं, म्हणून ती युक्ती मीच काढली.

धाकटा : धन्य आहेस! आणि भोकांचं काय?

आई : त्यांवरूनच चालतात ते. दारातून आत आलं की पायाखाली दोन भोकं लागतात, तिथे वळायचं. नाही वळलं तर समोर ग्राइंडर. मग जवळजवळची जोडी आली की उजव्या हाताला जॉब आवळायचा व्हाइस. शेवटचं रुंद भोक लागलं की लेथ. तू हौसेनं आणलेले जाड बूट त्यांनी कोपऱ्यात फेकले, तू आठवडाभर फुगून बसलास. पातळ चपलेशिवाय कळणार कसं त्यांना?

धाकटा : म्हणजे लेथच्या फिरत्या चकाशेजारी हे असे, अंदाजानं...

आई : अंदाजानं नाही, पायानं. आणि चालू मशीनला हात लावत नाहीत ते. त्यांना शेवटचं कधी लावताना पाहिलंस, आठव. कारागिराला मशीनवर उभं करतात आणि स्वतः बाजूला थांबून आवाज ऐकतात.

धाकटा : मला का नाही सांगितलंस?

आई : सांगितलं असतं तर काय केलं असतंस?

धाकटा : घरी बसवलं असतं त्यांना.

आई : कळलं ना, का नाही सांगितलं ते?

धाकटा : चुकलं काय त्यात? उद्या हात गेला म्हणजे?

आई : माझ्या बापाला बसवलं होतं घरी, भावांनी. अगदी मायेनं. खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसाला किती वाजले विचारायचा. कुणी सांगितलं की हिरमुसायचा, एवढेच वाजले म्हणून.

धाकटा : आणि मी रोज काळजात धडधड घेऊन काम करायचं?

आई : मी नाही करत? इथे काही पडल्याचा आवाज आला की वर माझा हात पोळपाटावर थांबतो. कोण ओरडतंय, ते ऐकते. मग पुढची पोळी.

धाकटा : हे निघायचं नाही आता, आई. ट्रॉली दुपारी फिरवायची म्हणून लवकर आवळणारा माल आणला होता. बघ, खिळासुद्धा शिरत नाही.

आई : मग छिन्नी घे.

धाकटा : छिन्नीनं भोक नाही राहणार, खड्डा पडेल. पाय मुरगळेल त्यांचा.

आई : दे इकडे. मी करते.

धाकटा : बोटं ठेचून घेशील, आई.

आई : ठेचली तर ठेचली. सोड हातोडा! सोड म्हणते ना!

(दारात चपलांचा आवाज येऊन थांबतो.)

बाबा : कोण ओरडतंय?

आई : कुणी नाही. अहो, दाढी काय अर्धवट केलीय मेल्यानं! थांबा तिथेच, खाली ओलं आहे. मी पुसलंय.

बाबा : तू? आणि वर्कशॉप पुसलंस? सिमेंटचा वास येतोय.

धाकटा : बाबा, मी भोकं बुजवली. सगळी. मला माहीत नव्हतं.

बाबा : काय माहीत नव्हतं?

आई : तुमच्या डोळ्यांचं मी सांगितलं त्याला. मला बोला काय बोलायचं ते.

बाबा : ...तळहात फिरवून बघितलास का रे वरून?

धाकटा : हो. कुठेच लागत नाही.

बाबा : मग चांगलं केलंस. ट्रॉली सरळ जाईल.

आई : घरी चला तुम्ही. गरम पाणी काढते.

बाबा : घरी कशाला? लेथवर नवा जॉब लावायचाय.

धाकटा : मी हात धरतो, बाबा.

बाबा : हात नको. कारागीर येतील आता, बघतील.

आई : अहो, ग्राइंडर आहे मध्ये!

बाबा : कुठे आहे ते तू सांग. एरवी कधी गप्प बसतेस?

आई : ...या मग सरळ. चप्पल घासू नका, घसराल. हां. आता वळा. एवढं नाही, इकडे, माझ्याकडे. कोपर आत घ्या. आणखी पुढे...

बाबा : थांबू नकोस. बोलत राहा.