दोन सरदारणींचा एकच पंखा

नाव : सगळे आजी म्हणतात, तेच लिहा. वय : चौसष्ट. लिहिणारे हवालदारसाहेब मघाचं विसरतात म्हणून तिसऱ्यांदा सांगते; विचाराल तितक्यांदा ते वाढत नाही. धंदा : संग्रहालयात झाडपूस आणि चित्रं जागेवर ठेवणं. पत्ता : संग्रहालयामागच्या गल्लीत, मुलाकडे.

समक्ष हजर राहून सांगते की, माझी सून तिथेच फाटके कागद सांधते. जुन्या काळच्या एका सरदारणीचं छापील चित्र चोरल्याचा तिच्यावर आळ आहे. बुधवारपासून ती तुमच्या कोठडीत आहे. चित्र चोरीला गेलेलं नाही.

सोमवारी दुपारी भिंतीवरची अठरा चित्रं उतरवली. सुनेने वहीत सही करून ती माझ्या हाती दिली. चित्राखाली बाईचं नाव छापलेलं असतं, तेच फायलीवर असतं, जुळवून ठेवायचं. मला वाचता येत नाही. नोकरी धरताना चौथी पास सांगितलं होतं.

नऊ वर्षं मी या बायका तोंडं न पाहता हातांवरून, पायाशी काय आहे त्यावरून ओळखते. पायाशी कुत्रं, ती नवऱ्याशी इमानी. गुलाबाने मान टाकलेली, ती विधवा. मिटलेला पंखा पोटाशी धरलेली, ती मनातलं बोलणार नाही. संग्रहालयाच्या मोठ्या बाई पाहुण्यांना सांगायच्या, मी फडकं फिरवत ऐकायचे. फायलींवर माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत : गुलाबाला टिंब, पंख्याला रेघ.

सोमवारी तोच गुलाब, तोच पंखा दोन चित्रांत निघाला. एकाच बाईच्या दोन प्रती समजून मी दोन्ही एका फायलीत घातली. दुसरी, माझी खूण नसलेली नवी फाइल रिकामी राहिली. बुधवारी शोधाशोध चालू असताना मोठ्या बाई म्हणाल्या, जुने छापणारे एकीच्या अंगावर दुसरीचं तोंड बसवून विकायचे, हात तेच ठेवायचे. मला तेव्हाच उमगलं. मी फडकं पिळत राहिले.

सुनेला माझी लबाडी पहिल्या महिन्यापासून ठाऊक होती. चित्रं कोणाच्या हाती दिलीस, असं पोलीस शिपायाने तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पोटाशी मिटून घेतले. ते मला वाचता आलं. तिला इकडे आणायला निघाले तेव्हा मी तिला म्हणाले, "सावकाश जा."

आज सकाळी नातीने वेणी घालायला आईला हाक मारली. मी चप्पल घालून इथे आले.

चौथं कपाट, खालून दुसरी फाइल, टिंब आणि रेघ. जाऊन पाहा.

हवालदारसाहेबांनी हे मला मोठ्याने वाचून दाखवलं. सांगितलं तसंच आहे. वेगळं लिहिलं असतं तरी मला कळलं नसतं, हेही लिहा. अंगठा दिला आहे.

माझ्या मुलाला निरोप द्या : तिला सोडेपर्यंत इथे मऊ भात आणि दोन उकडलेली अंडी पाठव, मीठ वेगळं बांध. ती मागणार नाही.