कार्डावर नाव नाही

— नाही, तुमचं नाव सुदेश असेल, मी कुठं नाही म्हणते, पण या कार्डावर सुदेश नाही. हे बघा — स्वरा, वय आठ, केशरी पट्टा, न्यायला येणार कोण, तर आई सुरुची आणि शेजारच्या आफिया. संपलं. मामा नाही. मामा असाल हो, कार्डावर नाही. आईला फोन लावलाय, उचलत नाहीयेत, हॉस्पिटलात ड्यूटी म्हणजे फोन लॉकरात — एक वाजता जेवायला सुटल्या की बघतील. तोवर बसा. त्या स्टुलावर नको — इकडे, खुर्चीवर. तुमचं ओळखपत्र, तो बताका, राहू दे माझ्याकडे, खात नाही मी. पोरगी आत एसीत आहे, लाथा मारतेय, तिला काही घाई नाही. घाई तुम्हाला, गाडी वाकडी लावून आलात ते दिसलं मला. आणि एसी नसता तर आखातातल्या या महबूल्यात, तळघरात, जुलै महिन्यात कराटे शिकायला कोण मरायला आलं असतं? आईबाप ड्यूटीवर, शाळा बंद, पोरं घरात टीव्ही फोडतात — म्हणून हे शिबिर. नाव कराटेचं, काम पोरं सांभाळायचं. आता परवा एक बाप विचारतो, तीन आठवड्यांत ब्लॅक बेल्ट मिळेल का? म्हटलं, मिळेल की, एगैल्याच्या मॉलमध्ये, स्पोर्ट्सच्या दुकानात.

हसू नका, आमचे देवदत्त सर पण तसलेच. हातानं फरशी फोडतात, आणि झुरळ दिसलं की मला हाक — चारुशीलाताई, जरा येता का. पण पोरांच्या बाबतीत माणूस कडक. गेल्या आठवड्यात त्यांनी धडा घेतला, अनोळखी माणूस आला तर काय करायचं. पोरं अशी काही ओरडली — नो, आय डोन्ट नो यू — की वरच्या मजल्यावरचा इजिप्शियन खाली आला. मग सरांनी काय केलं, दुसऱ्या दिवशी मित्राला पाठवलं, आइस्क्रीम घेऊन. चौदा पोरं होती. बारा गेली त्याच्या मागून, रांगेत, शिस्तीत. दोघं राहिली, ती का? तर त्यांना सर्दी होती. आता बोला. म्हणून सर म्हणतात, पोरांना शिकवा जेवढं शिकवायचं तेवढं, पण दारावरच्या माणसानं शुद्धीत राहायला हवं. दारावर मी. कळलं ना आता, का बसवलंय तुम्हाला?

काय? लांज्याचे? नका सांगू हो. म्हणजे सांगा, पण उपयोग नाही त्याचा. मी देवरुखची, लांजा मला पाठ आहे, तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच कळलं मला — आणि खरं सांगू, तेव्हाच मी तुमच्यामागे दाराला कडी घातली. रागावू नका. इथं आपल्याकडचं कुणी भेटलं की माणूस पाघळतो, चार वाक्यं आपल्या बोलीतली कानावर पडली की झालं, लगेच चहा, लगेच तुम्ही कुणातले. गेल्या वर्षी असाच एक आला. साखरप्याचा. माझ्या नणंदेच्या घरामागे त्याचं घर — खरंच होतं, खोटं नव्हतं हां काही. फणस कुठं आहे, विहीर कुठं आहे, सगळं बरोबर सांगितलं. मी चहा दिला, खारी दिली. म्हणाला प्रज्वलचा बाप मी, न्यायला आलोय. तो बापच होता, तेही खोटं नाही. फक्त कार्डावर त्याच्या नावावर आईनं लाल रेघ मारलेली होती. कार्ड कुठं होतं? ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर कुठं? हा काय, माझ्या पोटाला लागून. मी उघडला नाही.

दोन दिवस पोराचा पत्ता नव्हता. तिकडे लांब जहऱ्याला कुणाच्या तरी खोलीवर ठेवला होता. त्याची आई इथं बसून होती — त्या स्टुलावर. रडली नाही, पाणी घेतलं नाही, नुसती दाराकडे बघत होती. पोरगा मिळाला, मिळाला हो, अंगावर ओरखडा नाही. पण नंतर वर्गात कुणी त्याचं नाव घेतलं की दचकायचा. मग यायचाच बंद झाला.

चौकशी? झाली की. सरांनी विचारलं, पोर बाहेर कुणी सोडलं. तेव्हा दारावर सर्फराज असायचा, दापोलीकडचा, वॉचमन. वॉचमन म्हणजे काय, पोरांचे पट्टे तोच बांधायचा, सगळी त्याच्याच पुढ्यात रांग लावायची. तर त्यानं काढलं दार, हात त्याचाच होता ना कडीवर — मी तेवढंच सांगितलं. दार सर्फराजनं उघडलं. त्यानं मला विचारलं होतं, ताई, कार्ड बघितलंत का, आणि मी म्हटलं होतं, अरे आपल्याकडचा आहे, सोड — हे नाही सांगितलं. तो उभा होता समोर. माझ्याकडे बघितलं त्यानं, बस्स. आठ दिवसांत व्हिसा कॅन्सल करून पाठवला त्याला. तीन मुलं आहेत त्याला. माझे पण इथं दोघं शाळेत, नवऱ्याचा पगार तो तेवढा, मी काय — जाऊ दे. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? कार्डावर नाव नसलेल्या माणसाला? कुठं बोलू नका.

थांबा, फोन. हां सुरुची मॅडम, चारुशीला बोलतेय. भाऊ आलाय तुमचा, कार्डावर नाही म्हणून बसवलाय. कसा दिसतो? उजव्या भुवईवर खूण? आहे. तुम्ही पाठवलाय? नक्की? मेसेज पण टाका तसा. हां, आला. सोडते.

बघा, मामाच निघालात. इथं नाव लिहा, नंबर लिहा, म्हणजे पुढच्या — स्वरा? तू कधीपासून आतल्या दारात उभी आहेस? क्लास सुटला होय. काय म्हणालीस? मराठीत बोल. हो, सर्फराजकाका सुट्टीवर गेलाय असं मीच सांगितलं होतं. मीच. नाही, सुट्टीवर नाही गेला तो.

पट्टा सुटलाय तुझा. ये, मी बांधते.

नको? बरं.

सही करा इथं. वेळ लिहा, एक वाजून दहा. हा तुमचा बताका. न्या हिला. अहो, न्या म्हणतेय ना. आणि जाताना दार ओढून घ्या.