टोपी काकूच्या डोक्यावर

आमच्या काकांची सवय तुम्हाला माहितीय की. घरात प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर काकाच देणार.

मागं आमच्या सोलापुरातल्या एका कॉलेजात संशोधनासाठी माणसं हवी होती. डोक्यावर टोपी घालायची, की मेंदूत काय चाललंय ते कॉम्प्युटरवर दिसणार. काका लगेच काकूला घेऊन निघाले. गाडी मी चालवत होतो.

तिथल्या मॅडमनी विचारलं, "काकू, तुमच्या मेंदूची माहिती घेतलेली चालेल का?"

काका म्हणाले, "व्हय, चालतंय की. घाला टोपी."

"काका, मेंदू त्यांचा आहे. त्या नाही म्हणाल्या तर आम्ही हातसुद्धा लावणार नाही."

काकूनं आधी काकांकडं बघितलं, मग टोपीकडं, आणि म्हणाली, "नको."

काका गारच पडले. परत येताना गाडीत म्हणाले, "अगं, दुखणार बिखणार नव्हतं. नको का म्हणालीस?"

काकू मजेत होती. "घालणारच होते की मी. पण आपण नको म्हटलं तर खरंच ऐकतात का, ते बघितलं."

काकांनी सात रस्ता चौकात मला गाडी थांबवायला लावली आणि मागं वळून म्हणाले, "तू... चहा घेणार का?"

काकू म्हणाली, "थांबा, विचार करू द्या."