म्हाताऱ्याच्या गाडीत सहा सिलिंडर

ॲडलेडबाहेरच्या भंगारवाल्याकडे पॅम जुना आरसा घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे उभ्या दोघांतल्या टोपीवाल्याला त्याचा मित्र फैलावर घेत होता.

"ग्लेन, खरं सांग. बापाच्या जुन्या फाल्कन गाडीतलं आठ सिलिंडरचं व्ही-एट उपटून टॅक्सीचं इंजिन बसवलंस?"

"टर्बोवालं सहा सिलिंडरचं आहे, डग. तुझ्या व्ही-एटला दोनदा धूळ चारलीय त्याने."

"आपल्या गाड्यांच्या क्लबात तुझं नाव काढलं तरी लोक थुंकतात."

"थुंकू देत. शर्यतीत माझ्या मागेच असतात, माझ्या अंगावर उडत नाही."

"आणि म्हातारा? बसतो तरी का त्यात?"

"रोज. तीस वर्षं आम्ही दोघं त्या गाडीतून फिरलो, पण व्ही-एटच्या गडगडाटात एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. आता घरापासून समुद्रापर्यंत त्याचं तोंड बंद नसतं."

"बोलतो काय एवढं?"

"शिव्या घालतो. हे शिलाई मशीन काढ म्हणतो, माझं व्ही-एट परत बसव."

"मग बसव की. आज त्याचेच नटबोल्ट न्यायला आलायस ना?"

"छे. बॉनेटवर लावायला सहाच्या आकड्याचा बिल्ला हवाय. मोठ्यात मोठा, म्हाताऱ्याला बसल्या जागेवरून दिसेल असा."