पिवळ्या पोटाचं विमान

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर जरा दाटीवाटीनेच बसलेले सन्माननीय पाहुणे, आपल्या प्रतिकृती-विमान मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती पट्टीसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि डिंकाने बोटं चिकटलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

सर्वप्रथम एक गोष्ट आपल्या नजरेस आणून देते. आज या सभागृहातला पंखा चालू आहे. नव्या मंडळींना यात विशेष काय ते कळायचं नाही. पण आपण इथे घामाच्या धारांत बसून स्पर्धा घेतल्या आहेत, कारण पंखा लावला की टेबलावरची विमानं खरोखरच उडतात. आज टेबलं रिकामी आहेत, एकच विमान आहे, आणि ते वहिनींच्या मांडीवर सुखरूप आहे. तेव्हा मोकळा श्वास घेऊन बोलायला हरकत नाही.

मी दातांची डॉक्टर. पट्टीसाहेबांवर बोलायला मलाच का उभं केलं, हे आपण जाणताच. या मंडळात दोन पंथ आहेत, मोजणाऱ्यांचा आणि रंगवणाऱ्यांचा. पट्टीसाहेब पहिल्या पंथाचे महंत, आणि दुसऱ्या पंथातली सगळ्यात वाया गेलेली शिष्या मी. खऱ्या विमानांचे पत्रे बसवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतर तीच विमानं बहात्तर पट लहान करून ते घरी बनवू लागले, आणि मंडळाचे मुख्य परीक्षक झाले. खिशात पोलादी पट्टी कायमची, म्हणून हे नाव. शाळकरी मुलांनी मास्तरांना गणित दाखवावं तसे आपण त्यांना विचारत होतो, "साहेब, बरोबर आहे ना?" आणि ते पट्टी काढत.

त्यांची परीक्षा म्हणजे काय, हे पाहुण्यांसाठी सांगते. विमान टेबलावर ठेवायचं. साहेब समोर येऊन एकच शब्द बोलणार, "पुरावा?" मग आपण खऱ्या विमानाचा फोटो नाहीतर आराखडा शेजारी ठेवायचा. पुरावा नसेल तर विमान कितीही देखणं असो, टेबलावरून खाली. चाकांच्या वरची पोकळी नीट दिसावी म्हणून त्यांनी माझ्याकडून दात तपासायचा आरसाही मागून घेतला होता. माझ्याच आरशाने त्यांनी माझीच विमानं नापास केली, आता बोला.

एकदा मी एक मालवाहू विमान जांभळं केलं होतं, पंखांवर पांढरे मासे. लोक गर्दी करून बघत होते. साहेबांनी सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "रंग सुंदर. विमान खोटं." मी म्हटलं, साहेब, खेळण्याएवढ्या विमानात कसलं आलंय खरं-खोटं? त्यावर ते म्हणाले की, ज्यांनी ते विमान बांधलं आणि ज्यांनी ते उडवलं, त्यांच्या वतीने बोलणारं आता दुसरं कोण आहे? तेव्हा मला राग आला. आता येत नाही. का, तेच सांगायला उभी आहे.

वहिनी, तुमची परवानगी घेतलेली आहे, तरी पुन्हा एकदा घेते. मान हलली, बरं.

वहिनींचे वडील वैमानिक होते. शेतांवर औषध फवारणारी छोटी विमानं असतात ना, तसलं एक ते चालवायचे. लग्न झाल्यापासून वहिनींचं एकच मागणं होतं, "माझ्या बाबांचं विमान करून द्या." दागिना नको, सहल नको. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "पुरावा मिळाला की करतो." पुरावा म्हणून घरात एकच फोटो. त्यात बाबा हसताहेत, आणि विमानाचं नाक तेवढं दिसतंय. वहिनी म्हणायच्या, त्याचं पोट पिवळं होतं. साहेब म्हणायचे, त्या जातीच्या विमानांचं पोट कारखान्यातून राखाडीच येतं. मी पाहिलंय ना, असं वहिनी म्हणाल्या की ते सांगायचे, लहान मुलांच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. झालं. वाद मिटला, विमान राहिलं.

गेल्या वर्षी वहिनींचे डोळे बिघडले. एका डोळ्यापुढे धुकं कायमचंच उतरलं होतं, दुसऱ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. डोळ्यांचे डॉक्टर सरळ माणूस. प्रयत्न करू, हमी देत नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. घरी आल्यावर वहिनींनी चपलाही काढल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी मला ते विमान बघायचंय. नंतर दिसेल न दिसेल."

साहेब कामाला लागले. कुठून कुठून आराखडे मागवले, पत्रे जोडणारा एकेक रिवेट मोजून बसवला. विमान असं झालं की फुंकर मारली तर इंजिन सुरू होईल. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. वहिनी खिडकीशी घेऊन गेल्या. मग त्यांनी ते डोक्याच्या वर धरलं, मान मागे टाकली आणि खालून पाहिलं. आपण सगळे विमान टेबलावर ठेवून वरून बघतो, बघा. असं खालून कुणी पाहत नाही. त्या म्हणाल्या, आकार अगदी तोच. पण हे बाबांचं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या दवाखान्यात. मांडीवर खोका, चेहरा उतरलेला. मला वाटलं, अक्कलदाढ. खुर्चीत बसवलं, दिवा लावला, तोंड उघडा म्हटलं. त्यांनी खोका उघडला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "पोट पिवळं करायचंय. हात चालत नाही."

मी म्हटलं, ब्रश बुडवायचा आणि लावायचा, त्यात काय! तर म्हणाले, कुठला पिवळा? पुस्तकात नाही. मी विचारलं, वहिनींना विचारलंत? त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. मंडळी, या गृहस्थांनी आयुष्यभर जगाकडे पुरावा मागितला, पण घरातल्या साक्षीदाराला एक साधा प्रश्न विचारायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. साहेबांनी खुर्ची ओढली, पट्टी खिशातून काढून बाजूला ठेवली, आणि विचारलं, "पिवळं का होतं?" वहिनींनी सांगितलं. त्यांच्या घरावरून फवारणीची बरीच विमानं परतायची, सगळी एकसारखी राखाडी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, आणि यातलं आपलं कुठलं, हे तिला काही कळायचं नाही. विमान धावपट्टीवर उतरून माणूस घरी येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. म्हणून बाबांनी एक दिवस त्याच दाराचा उरलेला पिवळा रंग उचलला आणि विमानाचं पोट रंगवून टाकलं. वरिष्ठ ओरडले, पण बाबांनी तो रंग काही काढला नाही. आकाशात पिवळं पोट दिसलं की वहिनी ओरडायच्या, आले! आणि आई चहाचं आधण ठेवायची.

साहेबांनी विमान उलटं करून त्याच्या पोटावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे ते खरोखरच पिवळं होतं."

"लग्नापासून दुसरं काय सांगतेय मी?" वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर मी रंग कालवायला बसले. वहिनी खिडकीच्या उजेडात बघून म्हणायच्या, अजून लालसर, नाही, एवढं नको, अहो डॉक्टर, दार होतं ते, हळद नव्हे. शेवटी जमलं. माझा हात मोकळा सुटला, मी म्हटलं, शेपटीवर एक छोटीशी मुलगी काढते, वर हात करून उभी. साहेबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "हिने ते सांगितलेलं नाही." मी वहिनींकडे आशेने पाहिलं. त्यांनीही मान हलवली, नाही म्हणून. माझा पंथ तिथे पुन्हा एकदा नापास झाला, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी साहेबांबरोबर बाकावर बसले होते. सारखे म्हणत होते, इथल्या फरशा सरळ बसवलेल्या नाहीत. मग पट्टी काढायचा दिवस आला, डोळ्यावरची, खिशातली नव्हे. साहेबांनी विमान वहिनींच्या डोक्यावर उंच धरलं. वहिनी बघत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "पिवळा जरा फिका झालाय हो."

मंडळी, माझ्या धंद्यात तक्रारीच ऐकायच्या असतात, पण इतकी गोड तक्रार मी ऐकलेली नाही. साहेब मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. नर्स धावत आली, तिला वाटलं काही विपरीत झालं. मी तिला म्हटलं, काही नाही, विमान उतरलं.

आणि मग आपली यंदाची स्पर्धा. साहेबांनी हे विमान स्वतः टेबलावर ठेवलं. स्वतःचं विमान स्वतःला तपासता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते काम माझ्याकडे आलं; यंदा उपपरीक्षक मीच होते. मी समोर गेले. पोट पिवळं, सगळ्यांना दिसत होतं. मला विचारावंच लागलं, "पुरावा?"

साहेबांनी भिंतीकडची एक खुर्ची उचलली, टेबलाशेजारी, जिथे आपण फोटो ठेवतो तिथे ठेवली. वहिनींचा हात धरून त्यांना तिच्यावर बसवलं. आणि मला म्हणाले, "विचारा."

मी विचारलं, रंग कुणी पाहिला? वहिनी म्हणाल्या, मी. कुठून? म्हणाल्या, दारातून. पुढे विचारायचं काही उरलं नाही, मी गुण लिहायला घेतले. एक गुण मात्र मी कापला, कारण डाव्या पंखाखाली डिंकाचा ठसा होता. तो मला साहेबांनीच आरशातून दाखवला. त्याच दिवशी त्यांनी परीक्षकपद सोडलं. म्हणाले, आता घरी बरीच कामं आहेत, हिला अजून बरंच आठवतं.

साहेब, तो आरसा परत करू नका, तुमच्याकडेच असू द्या. मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्ष महोदयांनी दोनदा घड्याळ पाहूनही मला थांबवलं नाही, पंखा लावणाऱ्यांनी पंखा लावला, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही चुकलं-माकलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पोट कुठल्याही रंगाचं चालेल, साहेब आता हरकत घेणार नाहीत.