सात वर्षांचा इंजिनिअर

माह्या लग्नाचं कसं जमलं, सांगतो. दारव्ह्याले पोरगी पाहाले गेलतो. तिच्या बाबानं बायोडाटा वाचला अन् बोटावर वर्षं मोजली.

"बारावीचे दोन अन् इंजिनिअरिंगचे चार, सहाच वर्षं लागते. तुमाले दहावीनंतर सात कायले लागले? नापास झालते काय?"

"नाही जी. दहावीत मार्क कमी पडले. मंग आयटीआय केलं, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाले, अन् डिग्रीच्याही थेट दुसऱ्याच वर्षाले."

ते जराशानं म्हणे, "विहिरीवरची मोटर बंद आहे. पाह्यता काय?"

म्या पेचकस मागतला, ढिली वायर कसली अन् मोटर सुरू केली.

बाबा हासले. "वायर म्यांच ढिली केलती. तुमच्या आधी चार वर्षवाले दोन इंजिनिअर येऊन गेले. दोघंही म्हणे, मिस्तरी बोलवा."